गुरुदास मेस्तांचे कान

सर्वण गावात कुणाचं डिझेल इंजिन रुसलं, की माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग गुरुदास मेस्तांचं, असं मेस्त स्वतःच सांगत. वर हेही सांगत, "फुडल्या वेळेक देवाक मधी त्रास देव नको. सरळ माका फोन कर."

हातात हत्यार धरणाऱ्या कारागिराला डिचोलीकडे मेस्त म्हणतात. गुरुदासांची हत्यारं म्हणजे पान्यांचा एक खोका, एक पक्कड आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. अंगाने किरकोळ, पण आवाजाने असे दांडगे, की शेडमध्ये बोलले तर रस्त्यावरच्या बसथांब्यावर माणसं मान वळवत. मूळचे पेडण्याकडचे. मिसरूड फुटायच्या वयात डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागले, ते रॉकेलच्या ताटात नोझल धुवायच्या कामाला. तिथे बेळगावकडचा एक फिटर होता. त्याने या पोराला डिझेलचा पंप खोलायला शिकवला. इंजेक्शन पंप म्हणजे इंजिनाचं काळीज, एवढंच तो फिटर म्हणायचा आणि पुढचं काम हातांनी दाखवायचा. पुढे वर्षानुवर्षं गुरुदासांनी डंपरांची काळजं दुरुस्त केली. पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी चार-चार इंजिनं धडधडत असत, कॉम्प्रेसर वेगळा. कानात बोळे घालायचे असतात, हे तिथे कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी त्यांनी घातले नसते. मेस्ताने कानात बोळे घालायचे म्हणजे वैद्याने हातमोजे घालून नाडी बघायची!

खाणी बंद झाल्या तेव्हा वर्कशॉपमधल्या बऱ्याच जणांना काय करावं ते सुचेना. गुरुदासांनी घरामागे स्वतःची शेड उभारली आणि ट्रॅक्टर धरले. जुनेच धरले. "नव्या ट्रॅक्टराक लॅपटॉप लायतत. माका तेच्या अंगाक हात लावूक जाय," असं म्हणत. आणि खरोखर ते अंगाला हात लावत. इंजिन चालू ठेवून पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर एकेक बोट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठल्या नळीचा ठोका मंद आहे ते सांगायचे. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बघणाऱ्यांना तो मोठा मंत्रतंत्र वाटे. मेस्तांनाही तसं वाटलेलं चाले.

त्यांच्या बायकोला, सुमंगलाला, या सगळ्याचं कौतुक होतंच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं शिवणयंत्र बिघडल्याची तक्रार केली तेव्हा नवऱ्याने त्यालाही स्क्रूड्रायव्हर लावून बघितला होता. पण अलीकडे ती मूठ कानामागून सरकत सरकत गालावर आली होती. परवा तर त्यांनी ती चक्क दातांत धरली.

त्याआधी प्रेशर कुकरने तिच्या मनात पाल चुकचुकवली होती. मेस्त स्वयंपाकघराच्या दारात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून पेपर वाचत होते. कुकरच्या शिट्टीवर शिट्टी होत होती. ती मागच्या परड्यातून धावत आली आणि ओरडली, "अवो, ग्यास बंद करूक नाय?" मेस्तांनी पेपरातून डोकं वर काढलं. "कशाक? एकव शिट्टी येवक नाय अजून." ती गॅस बंद करून तशीच उभी राहिली. जड, जाडा आवाज त्यांना ऐकू यायचा. ट्रक, इंजिन, देवळातला ढोल, सगळं. बारीक, वरचा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचेनासा झाला होता. फोनची रिंग, दारावरची बेल, टीव्हीवरच्या बायका. "ऐकलंत?" अशी हाक मारून मारून तिचा घसा बसायचा.

मुलगी सेजल पणजीला नोकरीला होती. ती फोनवर रोज एकच म्हणायची, "आई, बाबांना कानाच्या डॉक्टरकडे ने."

"हल्ली ऐकण्यासारखा बोलता कोण?" हे मेस्तांचं त्यावरचं उत्तर.

सुमंगलाला हसू यायचं आणि मग रस्ता आठवायचा. मेस्त स्कूटरवरून डिचोलीच्या बाजारात जायचे आणि मागून येणाऱ्या मोटारीचा हॉर्न एकट्या त्यांनाच ऐकू यायचा नाही. तिने एक दिवस गपचूप स्कूटरची चावी आपल्या कमरेला लावली. "मी सोडतंय तुमका. घरात बसून माका कंटाळो येता." मेस्त तिच्या मागे बसून सगळ्यांना सांगू लागले, "बायलेक हौस आयल्या स्कूटर चलवची."

पण रस्त्यापेक्षाही मोठी भीती दुसरीच होती. पावसाळा सरता सरता सर्वणात एका पॉवर टिलरचं दुखणं मेस्तांना सापडलं नव्हतं. नोझल बारीक सूं सूं करत गळत होता. दुसऱ्या कुणी मेकॅनिकने येऊन पाना फिरवला आणि काम झालं. दुकानावर कुणीतरी म्हणालं, "मेस्त आता थकलो." ते मात्र मेस्तांना बरोबर ऐकू आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. शेडमध्ये जाऊन स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसत बसले. वर्कशॉपमधला त्यांचा एक सोबती खाण सुटल्यावर असाच घरी बसला होता, आणि बसता बसता मिटत गेला होता; बायकोने विचारलं तर तेवढं बोलायचा. सुमंगलाने ते घर पाहिलं होतं. आपल्या घरातला दांडगा आवाज तसा मिटलेला तिला नको होता. अजून एकदा असं झालं, की लोक बोलवायचे थांबतील आणि हा माणूस पान्याशिवाय कसा जगेल, हा विचार भाजी चिरतानासुद्धा तिचा पाठलाग करी.

आणि नेमका मयेहून बाबाजींचा फोन आला. फोन अर्थातच तिनेच घेतला.

बाबाजी म्हणजे मेस्तांचं जुनं गिऱ्हाईक. मयेला त्यांचं शेत, शिवाय शेजारपाजारच्यांची नांगरणीही त्यांच्याच जुन्या लाल ट्रॅक्टरवर व्हायची. वायंगणाचे दिवस होते. पावसाळी भात कापून झाल्यावर पाण्यावर घेतात ते हे दुसरं पीक. खाचरांत पाणी सोडलं होतं, लावणीचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार होता आणि ट्रॅक्टर चिखलात मरत होता.

"सुमंगलावयनी, मेस्ताक सांगा," बाबाजी म्हणाले, "अर्धो-पाऊण तास बरो चलता, मगे दम सोडता. खोकता, धापता आणि बंद. जरा थांबून लायलो तर परत चालू. पंप तर गेलो नाय मगो?"

तिने हे सगळं मेस्तांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं. मेस्तांचे डोळे चमकले. "पंप? चल गो!"

मये काही लांब नाही. पोचले तेव्हा ट्रॅक्टर मेरेला, म्हणजे बांधाला, लागून उभा होता, चाकं चिखलाने माखलेली. नवा लाल रंग मात्र उन्हात नुसता झळकत होता. बाबाजींनी दसऱ्याच्या तोंडावर तो हौसेने लावून घेतला होता. चालवायला त्यांचा पुतण्या श्रीनाथ. कारखान्याची पाळी सांभाळून तो काकाचं शेत बघायचा.

"मेस्तानू, नवरीसारखो नटवलो तर ह्यो चलाकच तयार नाय!" श्रीनाथ म्हणाला.

"नवऱ्या अशोच आसतत. तुझी येतली तेवा कळतला," मेस्त म्हणाले. हे त्यांना ऐकू आलं होतं, कारण श्रीनाथचा आवाज जाडा होता आणि तो समोर उभा राहून बोलला होता. सुमंगलाने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

मेस्त कामाला लागले. पहिली गोष्ट म्हणजे टाकीत डिझेल आहे का ते बघायचं. हे ते कधी विसरत नसत, कारण रिकाम्या टाकीसाठी त्यांना बोलावणारी गिऱ्हाइकंही होऊन गेली होती. ट्रॅक्टरवर चढून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. 'हुश्श' असा काहीतरी बारीक आवाज झाला. सुमंगला खाली डबा धरून उभी होती, तिला तो ऐकू आला आणि कानावरून गेलाही. टाकी अर्धीअधिक भरलेली होती. मग त्यांनी फिल्टर बदलला, त्यावरचा स्क्रू सैल करून हातपंपाची कळ दाबत राहिले. आधी फेसाळलेलं डिझेल आलं, मग स्वच्छ. श्रीनाथने चावी फिरवली. ट्रॅक्टर असा सुरू झाला, की बांधावरचे बगळे उडाले.

"फिल्टर!" मेस्तांनी जाहीर केलं आणि बाबाजींच्या बायकोने, विमलने, आणलेला चहा उभ्या उभ्याच घेतला. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ते गाणं गुणगुणत होते.

घरी पोचून हात धुतात तोच फोन. ट्रॅक्टर पुन्हा मेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते परत मयेला गेले. वाटेत मेस्त पान्यांचा खोका मांडीवर घट्ट धरून बसले होते. बाबाजी आज चहाआधी पाण्याच्या पाळीबद्दल बोलले. पाणी वरच्या शेतांकडे वळवायची वेळ जवळ आली होती, आणि त्याआधी चिखलणी नाही झाली, तर तरवा जागेवरच जून होणार होता. ते रागाने बोलत नव्हते. उलट मेस्तांना वाईट वाटू नये म्हणून मध्ये मध्ये हसत होते. सुमंगलाला ते हसणंच टोचलं.

श्रीनाथने ट्रॅक्टर चिखलात घातला. बरा वेळ झकास चालला. मग आवाज खाली आला, वर आला, घोगरा झाला आणि बंद. मेस्त चिखल तुडवत गेले, वर चढले, झाकण फिरवलं. हुश्श्श.

या वेळी तो आवाज मोठा होता. सुमंगलाने मान वर केली.

मेस्त टाकीत डोकावले, खाली उतरले, पंपावर पालथा हात ठेवला. चटका बसला तसा मागे घेतला. "बाबाजी, पंपच. गरम झालो की आतलो भाग सैल पडता, डिझेलाक जोर येना. थंड झालो की परत बरो. काडूक जाय. म्हापशाक नेवन मशिनीर चडवतलंय."

"किते दीस जातले, मेस्तानू?"

"जातले कायतरी. काळजाचा काम, घाय करून चलना."

मेस्तांचा तर्क काही वाह्यात नव्हता. झिजलेला पंप अगदी असाच वागतो. गार असताना शहाणा, तापला की आडमुठा. खाणीत असे पंप त्यांनी ढीगभर पाहिले होते. बाबाजींनी एकदा शेताकडे बघितलं, एकदा मेस्तांकडे आणि म्हणाले, "तुमी म्हणतास तर काडा."

मेस्तांनी खोका उघडला.

सुमंगला मात्र त्या आवाजापाशीच अडकली होती. तो तिने कुठेतरी ऐकला होता. ट्रॅक्टरशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तो घरातलाच आवाज होता, जुना, रात्रंदिवस ऐकलेला. आणि एकदम तिला सेजलची दुधाची बाटली आठवली. सेजल तान्ही असताना बाटलीचं बूच घट्ट बसलं, की ती चार घोट भराभर प्यायची आणि मग रबरी बोंडी चपटी होऊन आत ओढली जायची. पोर जीव खाऊन ओढायची, दूध येईना, की लालबुंद होऊन किंचाळायची. सासूबाई म्हणायच्या पोरीला गॅस झालाय, शेजारीण म्हणायची दृष्ट लागलीय. सुमंगलाच्या काळजाचं पाणी व्हायचं. मग तिला कळलं. बूच जरासं सैल करायचं. हुश्श करून आत हवा जायची आणि पोर पुन्हा पिऊ लागायची.

पंप बिचारा ओढतच होता. बाटलीत हवा नव्हती.

हे तिला कळलं तेव्हा मेस्तांचा पाना पहिल्या नळीच्या नटावर बसला होता. आता काय करावं? बाबाजी हातभर अंतरावर उभे. विमल केळीच्या पानात काहीतरी झाकून घेऊन बांधावरून येत होती. श्रीनाथ सीटवर. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याच्या कानात कुजबुजता येत नाही, हे तिला त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा उमजलं. सांगायचं तर ओरडूनच सांगायचं. आणि ओरडून सांगायचं म्हणजे, झाकण उघडताना एवढा मोठा आवाज होतो तो दोन दिवसांत मेस्तांना एकदाही ऐकू आला नाही, हे सगळ्या मयेला सांगायचं. न सांगावं तर पंप निघणार, म्हापशाला जाणार आणि तिथला माणूस म्हणणार, पंप तर ठणठणीत आहे.

तिने आधी खूण केली. झाकणाकडे बोट दाखवलं, हाताने फिरवल्यासारखं केलं.

"काय गो? चाय जाय?" मेस्त गरजले. "विमलवयनी, हिका चाय देया!"

"चाय नको माका!" ती म्हणाली. मग बाबाजींकडे वळली. "बाबाजीभाऊ, पंप काडच्या आदी एकदा परत चलवया. एकदाच. बंद पडासर."

"कशाक?" मेस्त भडकले. ते मात्र त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखलं होतं. "दोनदा बघलंय मी. तू आता माका पंप शिकयतलंस?"

"शिकवणा नाय. बघूचो आसा माका. हौस म्हणा."

"बायलेक आता ट्रॅक्टराचीव हौस आयली," मेस्त बाबाजींना म्हणाले, पण पाना खाली ठेवला. तिच्या तोंडाकडे बघून ठेवला असावा.

श्रीनाथने पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. विमलने पानातून चण्याच्या उसळीबरोबर गरम पोया, म्हणजे कोंड्याचे पाव, वाढल्या. सुमंगला ट्रॅक्टरच्या फेऱ्या मोजत बसली. आपलं चुकलं असेल तर? शंभर गोष्टी असतात इंजिनात, दुधाच्या बाटलीवरून ट्रॅक्टर कुणी दुरुस्त केलाय का कधी? मेस्त तिच्याकडे पाठ करून जेवत होते. ट्रॅक्टर काही मरेना. मग मेला.

मेस्त उठायच्या आत ती ओढणी कमरेला खोचून, पाण्याची बाटली घेऊन चिखलात उतरली होती. चपला बांधावर राहिल्या. ती वर चढली, झाकणावर हात ठेवला आणि थांबली. मेस्त मागोमाग आले. "अगो, पडशीत!"

"हय या. बोट ओला करा."

"काय?"

तिने त्यांचा हात धरला, त्यांचं बोट आपल्या बाटलीतल्या पाण्याने ओलं केलं, झाकणाच्या कडेला टेकवलं आणि दुसऱ्या हाताने झाकण अगदी थोडं, केसभर सैल केलं.

हवा आत ओढली जात होती. ती गार बारीक धार ओल्या बोटावर लागली तसा मेस्तांचा चेहरा बदलला. त्यांनी बोट काढलं नाही. ती धार सरेपर्यंत तसंच ठेवलं. नळीचा ठोका बघताना मिटायचे तसे डोळे मिटले होते.

"आवाज जाता काय हेचो?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, की खालच्यांना टाचा उंचावून ऐकावं लागलं असतं.

"जाता."

"मोठो?"

तिला खोटं बोलता आलं असतं. त्यांनीही ते मानून घेतलं असतं. "मोठो," ती म्हणाली. "कालपासून जाता."

"मगे सांगूक नाय माका?"

"कशी सांगू? तुमका ऐकाक येना."

झालं. बोलून गेली आणि तिला वाटलं, हे शब्द धरून परत तोंडात कोंबावेत. मेस्त वरून खाली बघत उभे राहिले. बाबाजी वर बघत होते. मग मेस्तांनी त्या दांडग्या आवाजात साऱ्या शेताला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाबाजी! माका बारीक आवाज ऐकाक येना! कान गेले माजे! पंप बरो आसा!"

बाबाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मेस्तानू," ते म्हणाले, "तुमका ऐकाक येना. माका जवळचा दिसणा, मोतीबिंदू आसा. आमच्या तिगांत ट्रॅक्टरच त्यातल्या त्यात तरणो."

श्रीनाथला हसू आवरेना, मेस्तांनाही. सुमंगला मात्र रडली. रडताना तिला स्वतःचाच राग येत होता, कारण ओढणी चिखलाने भरली होती आणि डोळे पुसायला काही नव्हतं.

आता दुखणं सापडायला वेळ लागला नाही. अशा झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं. मेस्तांनी झाकण उलटसुलट करून बघितलं. वरच्या अंगाला भोक नव्हतंच. त्या जागी लालकाळा, चिकट, वाळून दगड झालेला थर होता. नखाने खरवडून त्यांनी नाकाशी नेला.

"शेंदूर. आणि तेल."

विमलच्या हातातलं पान खाली पडायचं बाकी होतं. "अगो बाय माजे! मी पुजलंय तेका! खंडेनवमीक!"

दरवर्षी ती ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला शेंदूर माखायची, झेंडूचा हार घालायची. यंदा रंग नवा होता म्हणून...

"म्हणून झाकणावयर?" बाबाजींनी कपाळाला हात लावला. "पाया पडलंस ता बरा केलंस गो, पण तेचो गळो कित्याक आवळलंस?"

"नव्या रंगाक बोट लावशीत तर बघ, असा कोण म्हणालो?" विमल उसळली. "रंग लागान म्हयनोभर कापडान पुसत होते कोण? तुमच्या रंगाच्या भयान मी तेच्या टकलेर लायलंय, सगळ्यात वयर, देवाक लायतत तसा! भरपूर लायलंय. जुनो आसा म्हणान जास्तच लायलंय."

"मगे दसऱ्यापासून आजपर्यंत कसो चललो?" श्रीनाथने विचारलं.

"चललो खय? उभोच होतो ना शेडीत," मेस्त म्हणाले. "भात कापणी झाली, आता कामाक काडलास. थोडो वेळ चलवलो तर कळना. नांगर लावन जोर पडलो, डिझेल जास्त ओढूक लागलो, तेवा कळला." बोलता बोलता त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. "सुई आसा कोणाकडे?"

सुमंगलाने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. विमलने मात्र मध्ये हात घातला. झाकण दोन्ही हातांत घेऊन तिने आधी कपाळाला लावलं, पुटपुटत काहीतरी माफी मागितली आणि मगच मेस्तांच्या हाती दिलं. मेस्त तोवर थांबले. मग त्यांनी पिनेने भोक मोकळं केलं, डिझेलने धुतलं, ओठांना लावून फुंकर मारली. फुंकर आरपार गेली ती त्यांच्या तळहाताला कळली.

ट्रॅक्टर चिखलात उतरला. बाबाजी आणि विमल तरव्याकडे गेले, आणखी बायकांना बोलवायचं होतं. मेस्त आणि सुमंगला बांधावर बसले. जायला हरकत नव्हती, पण मेस्तांना तो मरण्याची वेळ टळून गेलेली बघायची होती. ती टळून गेली. तरीही ते उठेनात.

"म्हाताऱ्याक आता कोण बोलवतलो?" ते एकदम म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले.

सेजलने डॉक्टरांचं नाव पाठवलेलं फोनमध्ये होतं, ते काढून दाखवावं का, असा विचार करून तिने फोन परत ठेवला. आज नको.

"आवाज कसो आसा तेचो?" त्यांनी विचारलं.

"कोणाचो?"

"ट्रॅक्टराचो गो. माका नुसतो धडधड येता. वयलो सांग."

सुमंगला गोंधळली. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने कान दिले. "खाली धडधड आसा ती सारकी आसा. उकड्या भाताक कढ येता तशी. मधी खळ पडणा नाय."

"बरा. आणि?"

"आणि वयर... टिटवी ओरडता थय."

"टिटवी रवांदे. ट्रॅक्टराचो सांग."

"वयर एक बारीक कुंई येता. मेरेर वळता आणि एकदम जोर घेता ना, तेवाच. पिल्लू ओरडल्यासारखी. मगे थांबता."

मेस्त ताठ बसले. "वळून जोर घेतानाच? सरळ जाताना नाय?"

"सरळ जाताना नाय."

"थांब, परत ऐक."

ट्रॅक्टर पलीकडच्या बांधाशी गेला, वळला. मेस्त ट्रॅक्टरकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आली," ती म्हणाली.

"फॅनबेल्ट सैल आसा," मेस्त म्हणाले आणि पाना घेऊन उभे राहिले. दोन्ही हात वर करून ओरडले, असे ओरडले की पार पलीकडच्या शेतातल्या बायकांनी वाकलेलं अंग सरळ केलं. "श्रीनाथा! उभो कर, मेल्या! बेल्ट सैल आसा! माका हयसून ऐकाक येता!"